नऊ इंची भिंत

४ जानेवारी १९५९, रविवार

आज किल्ल्या मिळाल्या. शिरूरहून ओव्हरसियर आले, सरपंच मारुतरावांनी नारळ फोडला आणि बोरमळ्याचं प्रसूतिकेंद्र एकदाचं स्वतःच्या इमारतीत आलं. दोन खोल्या, पुढे पडवी, विटांच्या सरळ भिंती, वर चुन्याची सफेदी, मोठ्या काचेच्या खिडक्या, खाली शहाबादी फरशी आणि डोक्यावर कोरे पत्रे. दोन वर्षं मी, इथली नर्स, या इमारतीसाठी अर्ज करत होते.

आतापर्यंत केंद्र महबूब मिस्त्रींच्या घरात, पुढच्या सोप्यात होतं. मिस्त्री गवंडी आहेत. साठी उलटली, पण या बाजूची निम्मी घरं त्यांच्या हातची. स्वतःचं घरही त्यांनीच बांधलेलं, पांढऱ्या मातीचं. भिंत इतकी रुंद की खिडकीच्या तळाशी माझी औषधांची पेटी, कंदील आणि वजनकाटा ठेवूनही जागा उरायची. वर धाबं, म्हणजे लाकडी तुळयांवर काटक्या पसरून त्यावर हातभर मातीचा थर. त्यातून रोज काहीतरी खाली पडायचं. गेल्या भाद्रपदात कुशाबाईला कळा येत असताना टेबलावर विंचू पडला. माझी मदतनीस सोजराबाई हिनं त्याला चपलेनं मारला म्हणून बरं. त्या दिवसापासून मला त्या घरात एक दिवस काढवत नव्हता.

निघताना मिस्त्री नव्या भिंतीला वीत लावून बघत होते. म्हणाले, "नऊच इंच. बाई, ऊन येका दमात पल्याड जाईल."

मी म्हटलं, "चाचा, पुण्यात सगळीकडे अशाच भिंती आहेत."

ते नुसते हसले. केंद्र त्यांच्या घरातून हललं याचं वाईट वाटलं असावं.

(मिस्त्री, त्यांची बायको रोशनचाची आणि मी, आम्ही मुसलमान, आपसांत आमच्या बोलीत बोलतो. पण मी शिकले मराठी शाळेत आणि लिहायला हात मराठीतच चालतो, म्हणून सगळ्यांचं बोलणं मराठीतच उतरवते.)

२१ जानेवारी

परवा गिताबाईला मुलगा झाला. सव्वासहा पौंड. नव्या इमारतीतलं पहिलं बाळंतपण. मारुतरावांनी पेढे वाटले.

पण पहाटे हात लावला तर बाळाचे तळवे गार, ओठ निळसर. शेगडी पेटवली, बाळाला आईच्या अंगाशी बांधलं, तेव्हा रंग आला. खिडकीच्या फटीतून वारा येतो, त्यात कापूस कोंबायला हवा.

दुसऱ्याच दिवशी गिताबाईची सासू तिला घरी घेऊन गेली. दहा दिवस राहायचं ठरलं होतं. मी विचारलं, काय कमी आहे इथं? म्हणाली, "कमी काय न्हाई बाई. पर घरी ऊब हाय." सरकारनं एवढा खर्च केला आणि यांना चुलीजवळची अंधारी खोलीच बरी वाटते. हे बदलायला वेळ लागणार.

८ मार्च

मिस्त्रींची सून मदिना हिला सातवा लागला. मेच्या अखेरीस बाळंत होईल. पहिलटकरीण, अंगानं अगदी चिपाड. आज तिला तपासायला गेले. मिस्त्रींची बायको, रोशनचाची, म्हणाली, "ह्या घरात तू बावीस पोरं काढलीस. माझं नातवंडबी हितंच होऊ दे."

मी म्हटलं, चाची, बावीस काढली कारण दुसरी जागा नव्हती. आता चांगली इमारत आहे. तुमचीच सून घरी बाळंत झाली तर बाकीच्या बायकांना मी कोणत्या तोंडानं बोलवू?

चाची मान डोलावून भाकरी थापायला लागली. पटलं तिला.

मग इनुस आला. मिस्त्रींचा मुलगा, मदिनाचा नवरा. शिरूरला ठेकेदाराकडे कामाला आहे. त्याला धाबं काढून पत्रे घालायचेत. दर पावसाळ्याआधी माती मळून लिंपायची, उंदीर, विंचू, गळती, या सगळ्याचा त्याला कंटाळा आलाय. "आब्बा माझं ऐकत न्हाईत. तुमी सांगा. तुमी तर त्या धाब्याखाली दोन साल काढलीत."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी जे खरं वाटलं ते सांगितलं. म्हटलं, लहान बाळ येणार आहे घरात, वरून विंचू पडणारं छप्पर नको. मिस्त्री ऐकत होते. नंतर उठून बैलाला पाणी दाखवायला गेले.

२६ मार्च

रोजे चालू आहेत. दुपारनंतर घसा कोरडा पडतो, पण त्याचं काही नाही.

नकुशीच्या बाळाला काल दुपारी ताप चढला. १०२. परवा सकाळी जन्मलं तेव्हा ठणठणीत होतं. नाळ स्वच्छ, कुठे सूज नाही, खोकला नाही. या महिन्यात असं दुसरं बाळ. सोजराबाईला खूप बोलले. गावची जुनी सुईण आहे ती. म्हटलं, हात धुतल्याशिवाय बाळाला शिवतेस तू. तिनं मान खाली घालून माझ्यासमोर पुन्हा कोपरापर्यंत हात धुतले. डोळ्यांत पाणी होतं.

नकुशी नवऱ्याला, बबनरावांना, बोलावून घरी गेली. मी अडवलं, पण ऐकेनात. आज त्यांच्या घरी जाऊन आले. बाळाचा ताप पार उतरलेला, चुरूचुरू पीत होतं. घरी जाऊन बरं झालं म्हणजे जंतू आपल्याच खोलीत असणार. दोन्ही खोल्या फिनेलनं धुऊन घेतल्या.

बायका दुपारी खोलीत थांबतच नाहीत. अंथरुणं उचलून बाहेर लिंबाखाली जातात. ओल्या बाळंतिणी, वाऱ्यात! आज रागावून सगळ्यांना आत आणलं आणि दार लावलं.

११ एप्रिल, दौंड

काल ईद झाली. अम्मीकडे आले आहे. सुभान, माझा धाकटा भाऊ, लोको शेडमध्ये फायरमन आहे, त्याला रेल्वेचं जुनं क्वार्टर मिळालंय. काळ्या दगडाच्या भिंती, खिडक्या बारक्या. दुपारी शिरकुर्मा पिऊन जी झोपले ती उन्हं उतरल्यावर उठले. बोरमळ्यात महिनाभर दुपारी डोळा लागलेला नाही. मी समजत होते, रोज्यांमुळे.

संध्याकाळी सुभानला म्हटलं, तुझं घर गार कसं रे? पंखा नाही, काही नाही.

तो म्हणाला, "आपा, दगड लवकर तापत न्हाई. आन् तापला की लवकर निवत न्हाई. आमच्या इंजिनात आगीवर विटांची कमान असती. सकाळी आग काढली तरी ती सांजंपतूर हात लावू देत न्हाई. पत्र्याचं तसं न्हाई. पत्रा आग पेटली की लाल, इझली की गार."

मी हसले. पण आता कंदील जवळ ओढून हे लिहिताना मला जानेवारीतली गिताबाई आठवते आहे. तिची सासू म्हणाली होती, घरी ऊब हाय. आणि मार्चमध्ये नकुशीचं बाळ घरी जाऊन बरं झालं. एकच घर थंडीत ऊब देतं आणि उन्हात गार असतं, आणि माझी इमारत दोन्ही वेळेला उलटी.

मी चुकत असेन. मंगळवारी निघते.

१५ एप्रिल

बाळाच्या अंघोळीचं पाणी बघायचा लाकडी थर्मामीटर आहे, तो खोलीत खिळ्याला टांगला. सकाळी आठला ८४. बाराला १०१. तीनला १०९. भिंतीला आतून हात लावला तर कढत. नकुशीचं बाळ या खोलीत होतं, आणि त्यानंतरही मी बायकांना आत आणून दार लावून घेतलं होतं.

मग थर्मामीटर घेऊन उन्हातच बबनरावांच्या घरी गेले. जुनं धाब्याचं घर. माजघरात साडेतीनला ८७. पुन्हा पाहिलं. ८७.

बावीस अंशांचा फरक, हाकेच्या अंतरावर.

तिथून तशीच मिस्त्रींकडे धावले. म्हटलं, इनुसला सांगू, पत्रे घालू नको, निदान मदिना बाळंत होईपर्यंत. कोपऱ्यावर वळले आणि पाहिलं. घरावर पत्रे चमकत होते. मी दौंडला होते त्या पाच दिवसांत धाबं उतरवून झालं. भिंतीसुद्धा फोडून खिडक्या मोठ्या केल्या. माती बबनरावांच्या वावरात गाड्यांनी गेली, खत म्हणून. पांढरी माती पिकाला चांगली.

इनुस खुशीत होता. "बाई, बघा, तुमच्या इमारतीवानी केलंय!"

मी चांगलं झालंय म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

२४ एप्रिल

शिरूरला पत्र लिहिलं होतं, आकडे घालून. ओव्हरसियर आज आले. तरुण आहेत, वाईट माणूस नाही. खोलीत दोन मिनिटं उभे राहिले, रुमालानं मान पुसली. म्हणाले, "बाई, उन्हाळा आहे, गरम होणारच. नकाशा वरून ठरून येतो. नऊ इंच वीट आणि पत्रा, सगळ्या केंद्रांना एकच. मला एक वीट वाढवायचा अधिकार नाही."

मी म्हटलं, पत्र्यावर माती घालू द्या. मिस्त्रींना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "खालच्या ह्या कैच्या पत्र्याच्या वजनापुरत्याच. माती टाकली तर समदं बाळंतिणीच्या अंगावर यील."

मग मी बायकांना सांगून पत्र्यावर बाजरीचं सरमड पसरलं होतं. चाऱ्याची टंचाई असताना घराघरांतून दोन-दोन पेंढ्या आल्या. त्यानं १०९ चे १०२ झाले होते. ओव्हरसियरांनी ते काढायला लावलं. आगीचा धोका. त्यांचं म्हणणं खोटं नाही, एक ठिणगी पुरे.

गोणपाट ओलं करून खिडक्यांना लावते. विहीर तळाला गेली आहे. पाणी बाळंतिणींना द्यावं की गोणपाटाला?

मिस्त्रींना विचारलं, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं? म्हणाले, "भिंत जाड आसली म्हंजी ऊन आत पोचस्तवर सांज हुती. मग रातीला दारं-खिडक्या सताड टाकायच्या, भितीतली गरमी भाईर जाती. सकाळी परत लावून घ्यायच्या. येवढंच हाय बघा. त्यात ठाऊक काय असायचं."

३ मे

सिंधूबाई स्वतःहून आली. मारुतरावांची थोरली वहिनी, एकटीच राहते, घर मोठं आणि जुनं. म्हणाली, "मदिनाला माझ्या माजघरात आणा. धान्य हलवून जागा करते."

मी विचारलं, घरात कुणी काही म्हणणार नाही ना?

"म्हनंनात. बाळाला काय कळतंय कुणाचं माजघर ते?"

मला फार बरं वाटलं. ठरलं असं, की बाळंतपण केंद्रातच करायचं, कारण टेबल, उकळलेली हत्यारं, सगळं तिथं. आणि लगेच बैलगाडीनं सिंधूबाईकडे न्यायचं. अजून तीन आठवडे आहेत. तोवर एखादा वळीव पडेल, हवा निवेल.

९ मे

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज लिहिते.

परवा, सात तारखेला, सकाळी सातला मदिनाला कळा सुरू झाल्या. तीन आठवडे आधी. अकरा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. साडेचार पौंड. बारीक, पण आवाज खणखणीत. मिस्त्रींनी पडवीत येऊन तिच्या कानात अजान दिली. बैलगाडी दारात उभीच होती.

आणि मदिनाला रक्तस्राव सुरू झाला. पोट चोळलं, सुई दिली, पायाखाली विटा घालून खाट उंच केली. साडेबाराला थांबला. पण ती कागदासारखी पांढरी, नाडी लागेना. अशा बाईला गाडीत घालून हिसके द्यायचे म्हणजे तिला मारणं. मी सांगितलं, ऊन उतरेपर्यंत हलवायचं नाही. इनुस डॉक्टरांना आणायला सायकलनं शिरूरला गेला.

एकला खोलीत १०५. दोनला १०८. गोणपाट मारायला सोजराबाई आणि रोशनचाची घागरी आणत होत्या, लावलं की पाव तासात वाळत होतं. मदिनाला शुद्ध कमी, दूध कुठलं? चमच्यानं उकळलेलं पाणी बाळाला दिलं. घेत होतं. तीनला घेईना. अंग तापलेलं, कातडी कोरडी. बाळाचा ताप १०४. ओल्या फडक्यानं पुसलं. साडेतीनला रडणं बंद.

तेव्हा मी चाचीला म्हटलं, बाळाला घेऊन सिंधूबाईकडे पळ. तिनं पदराखाली घेतलं आणि पळाली. साठ वर्षांची बाई, अनवाणी, त्या उन्हात.

माजघरात गेल्यावर तासाभरात ताप उतरला. सिंधूबाई म्हणते, एकदा डोळे उघडले, बोटही चोखलं. डॉक्टर दिवेलागणीला आले, मदिनाला बघितलं, बाळाला बघितलं. काल सकाळी सातला मुलगी गेली.

बाळाला मी बारा वाजताच का पाठवलं नाही? आई हलवता येत नव्हती, बाळ तर हलवता येत होतं. आईपासून बाळ वेगळं करू नये, असं आम्हाला शिकवलंय. मी ते धरून बसले. साडेतीन तास.

रजिस्टरमध्ये मृत्यूचं कारण लिहायचं असतं. "अपुऱ्या दिवसांचं" लिहिलं. ते खरं आहे. दुसरं लिहायला रकाना नाही.

१३ मे

मदिना वाचेल. सिंधूबाईच्या माजघरात आहे. आज भाकरीचा तुकडा खाल्ला. तपासताना माझा हात धरून ठेवला.

कुणीच मला दोष दिला नाही. चाचीनं काल माझ्यासाठी कालवण पाठवलं.

दुपारी मिस्त्री पडवीत येऊन बसले. मी म्हटलं, चाचा, तुमचं घर असतं तर मुलगी जगली असती. ते मी मोडायला लावलं.

ते पायाच्या अंगठ्यानं फरशीची सांध खरडत होते. मग म्हणाले, "पयली कुदळ मीच मारली. इनुसच्या हातनं नको म्हनलं, मी घातलेलं धाबं मीच काढतो."

"पण तुम्हाला तर कळत होतं. तुम्ही मला गप्प का केलं नाहीत?"

"तुमी शिकल्याल्या. बावीस बाया सुटल्या तुमच्या हातनं, येक दगावली न्हाई. मला वाटलं, माझंच जुनं झालं आसंल."

मी रडले. ते उठून गेले नाहीत, तिथंच बसून राहिले.

२० मे

शिरूरला दुसरं पत्र पाठवलं होतं, या वेळी सगळं लिहून. उत्तर आलं. केंद्रात बाळंतपणांची संख्या घटली आहे, त्याचं कारण आठ दिवसांत कळवावं.

मी आता घरोघरी जाते. पेटी खांद्याला लावून, हत्यारं घरीच चुलीवर उकळून. आठवड्यात तीन बाळंतपणं झाली, तिन्ही मातीच्या घरांत, तिन्ही बाळं बरी. पण ती केंद्राच्या रजिस्टरात धरता येत नाहीत.

आणि मातीची घरंही राहतील किती दिवस? या महिन्यात अजून दोघांनी पत्रे आणले. मी दारात जाऊन सांगितलं. एक जण म्हणाला, "बाई, तुमीच म्हनला हुतात ना, धाब्यातनं इच्चू पडतो?" दुसरा नुसता हसला.

२९ मे

सकाळी सातलाच जीपगाडी आली. कवठे येमाईच्या पुढच्या एका गावचे पंच: दगडोबा पाटील, तात्याबा आणि आणखी दोघे. त्यांच्या गावाला केंद्र मंजूर झालंय, म्हणून नमुना बघायला आले. रात्री वारा होता, पत्रे निवलेले, काचांतून कोवळं ऊन आत आलेलं. खोली खरंच छान दिसत होती.

"वा! काय उजेड हाय!" दगडोबा पाटील म्हणाले. "आमच्या बाया अंधारात बाळंत हुत्यात, बाई. लाज वाटती."

मी म्हटलं, पाटील, दुपारी तीन वाजता या. नाहीतर आता थांबा, जेवून जा, तीनपर्यंत बसा. मग ठरवा. भिंत दीड हाताची मागा, वर धाबं मागा. खिडकी एवढीच ठेवा, पण माती जाड. विंचवासाठी खालून फळ्या मारा. मी अर्ज लिहून देते.

तात्याबा दुसऱ्याकडे बघून हसले. "मातीची इमारत? आन् सरकार दील? आमाला काय येडं समजत्यात का काय बाई?"

मी मदिनाच्या मुलीचं सांगितलं. पाटलांनी टोपी सारखी केली आणि हळू म्हणाले, "वाईट झालं. पर बाई, अपुऱ्या दिवसांचं लेकरू कुठंबी जातं. माझ्या थोरलीचं तसंच गेलं, आन् त्ये तर मातीच्या घरात."



सोजराबाईनं चहा केला. नऊ वाजले, ऊन चढायला लागलं, तशी त्यांना निघायची घाई झाली. तात्याबांनी पिशवीतून मोजायची फीत काढली. इमारत अगदी अशीच हवी, सुताचाही फरक नको, म्हणाले. बाकीचे जीपमध्ये जाऊन बसले होते. फितीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं.

"बाई, जरा धरता का?"

मी धरलं. त्यांनी खोलीची लांबी घेतली, रुंदी घेतली, मग दाराच्या चौकटीशी भिंतीची जाडी घेतली आणि कागदावर लिहून ठेवली.